बार्बाडोसचे राष्ट्रीय वीर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्बाडोस हा कॅरिबियनमधला सर्वांत पूर्वेकडचा देश. क्षेत्रफळ सुमारे 430 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षाही लहान. लोकसंख्या तीन लाखांच्या आत. एवढ्याशा देशाने आपले राष्ट्रीय वीर कायदा करून ठरवले आहेत. त्यांच्यासाठी एक सुट्टी राखली आणि राजधानी ब्रिजटाउनमधला मुख्य चौक त्यांच्या नावे केला. क्रिकेटचे चाहते, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी आणि तिकडे जाणारे प्रवासी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

राष्ट्रीय वीर एकूण किती आणि कोण?

अकरा. पहिली दहा नावे 1998 मध्ये, पंतप्रधान ओवेन आर्थर यांच्या कारकिर्दीत, एकत्र जाहीर झाली: बसा, सारा अ‍ॅन गिल, सॅम्युअल जॅकमन प्रेस्कॉड, चार्ल्स डंकन ओ'नील, क्लेमेंट पेन, सर ग्रँटली अ‍ॅडम्स, एरल बॅरो, सर ह्यू स्प्रिंगर, सर फ्रँक वॉलकॉट आणि सर गारफिल्ड सोबर्स. अकरावे नाव रिहानाचे, 30 नोव्हेंबर 2021 रोजी आले. जुन्या पुस्तकांत आणि अनेक प्रश्नसंचांत अजूनही दहा हाच आकडा छापलेला सापडतो. तो 2021 पूर्वीचा आहे.

या यादीत सेनापती किंवा राजा एकही नाही. गुलामगिरीतला एक बंडखोर आहे, घरात प्रार्थना चालवणारी एक स्त्री आहे, एक संपादक, एक डॉक्टर, कामगारांचे पुढारी, राजकारणी, एक क्रिकेटपटू आणि एक गायिका आहे. देश उसाच्या मळेवाल्यांच्या ताब्यातून सामान्य माणसांच्या हाती कसा आला, ते ही यादी क्रमाने वाचताना कळत जाते.

कोणाला वीर म्हणायचे हे कोण ठरवते?

1998 च्या राष्ट्रीय वीर कायद्यात निकष दिले आहेत. पहिला, ज्या व्यक्तीच्या सेवेने देशाच्या इतिहासाला चांगले वळण मिळाले ती. दुसरा, जिने दूरदृष्टीचे, नवी वाट पाडणारे नेतृत्व आणि सर्वोच्च दर्जाची कामगिरी करून देशाचा मान वाढवला ती. तिसरा, जिच्या शौर्याने आणि त्यागाने लोकांची आर्थिक-सामाजिक स्थिती सुधारली ती. तिन्ही एकदम पूर्ण करावे लागत नाहीत, एक पुरतो. म्हणून बसाच्या शेजारी सोबर्स बसू शकतो: एक तिसऱ्या निकषावर आला, दुसरा दुसऱ्यावर.

शिफारस पंतप्रधान करतात आणि सन्मान राष्ट्रप्रमुखाच्या हातून मिळतो. 2021 पर्यंत हे काम गव्हर्नर-जनरलकडे होते, आता राष्ट्राध्यक्षांकडे आहे. जनतेचे मतदान होत नाही आणि दरवर्षी नवे नाव घालण्याची पद्धतही नाही. 1998 नंतर तब्बल तेवीस वर्षे यादीत एकही भर पडली नाही. आमच्या मते हा संयम योग्य आहे, कारण दर वर्षी वाटला जाणारा सन्मान फार लवकर स्वस्त होतो.

बसा कोण होता? त्याची इतकी कमी माहिती का मिळते?

बसा आफ्रिकेत जन्मलेला गुलाम. सेंट फिलिप परगण्यातल्या बेलीज मळ्यावर तो 'रेंजर' होता, म्हणजे इतर गुलामांपेक्षा त्याला थोडी मोकळीक होती आणि मळ्यामळ्यांतून हिंडता येत होते. बंडाची जुळवाजुळव करायला त्याला याच मोकळिकीचा उपयोग झाला. 14 एप्रिल 1816, ईस्टरचा रविवार. त्या रात्री उसाचे फड पेटवून बंडाची खूण दिली गेली. बंड निम्म्याहून अधिक बेटावर पसरले. काही दिवसांत लष्कराने ते चिरडले आणि बसा लढाईत मारला गेला.

त्याचे चित्र नाही, पत्र नाही, हस्ताक्षर नाही. जे कळते ते मळेवाल्यांच्या आणि सरकारच्या कागदांतून, बंड मोडल्यानंतर घेतलेल्या जबान्यांतून. त्यामुळे त्याच्या बालपणाविषयी किंवा दिसण्याविषयी कोणी तपशीलवार लिहिले असेल, तर ते कल्पनेतून आले आहे असे समजावे. बंडाच्या जुळवाजुळवीत नॅनी ग्रिग नावाची घरकाम करणारी गुलाम स्त्रीही होती. तिचे नाव यादीत नाही, पण बंडाचा इतिहास तिच्याशिवाय पुरा होत नाही.

गुलामगिरी 1834 मध्ये कायद्याने संपली आणि 'शिकाऊ मजुरी'चा, म्हणजे जुन्या मालकाकडेच सक्तीने राबण्याचा, काळ उरकून 1838 मध्ये लोक खरोखर मोकळे झाले. बसाच्या बंडानंतर बावीस वर्षांनी.

चौकातला साखळदंड तोडणारा पुतळा बसाचाच ना?

लोक त्याला बसाच म्हणतात, टॅक्सीवालेही. पण त्याचे औपचारिक नाव मुक्तीचा पुतळा. शिल्पकार कार्ल ब्रूडहॅगन यांनी तो केला आणि 1985 मध्ये हॅगट हॉल इथल्या गोल चौकात तो उभा राहिला, म्हणजे बसा कायद्याने राष्ट्रीय वीर ठरण्याच्या तेरा वर्षे आधी. हातांतल्या तुटलेल्या साखळ्या वर उचललेला तो पुरुष कोणा एकाची प्रतिमा म्हणून घडवला गेला नव्हता. लोकांनी त्याला बसाचे नाव दिले आणि ते टिकले. ज्याचा चेहरा कोणालाच माहीत नाही, त्याला लोकांनी आपणहून एक शरीर दिले. यापेक्षा मोठा सन्मान सरकारलाही देता आला नसता.

सारा अ‍ॅन गिल यांनी नेमके काय केले?

यादीतले सर्वांत कमी वाचले जाणारे नाव हेच, म्हणून इथे थोडे सविस्तर.

गिल (1795–1866) मिश्रवंशीय, मुक्त स्त्री होत्या आणि मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या होत्या. मेथडिस्ट मिशनरी गुलामांना चिथावतात असा मळेवाल्यांचा संशय होता. बसाच्या बंडानंतर तो आणखी बळावला. ऑक्टोबर 1823 मध्ये जमावाने ब्रिजटाउनच्या जेम्स स्ट्रीटवरचे मेथडिस्ट प्रार्थनाघर पाडून टाकले आणि मिशनऱ्याला बेट सोडून पळावे लागले. आता पाद्री नाही आणि छप्परही नाही. गिल यांनी आपल्या घरात प्रार्थना सुरू ठेवल्या. त्यांच्यावर खटला भरण्याचा प्रयत्न झाला, घर जाळण्याच्या धमक्या आल्या. त्यांनी दार बंद केले नाही. पुढे जेम्स स्ट्रीटवर पुन्हा चर्च उभे राहिले.

त्यांनी बंड केले नाही, निवडणूक लढवली नाही. पण एका स्त्रीने आपल्या घराच्या चार भिंतींत दडपशाहीला दिलेला हा नकार कायद्याच्या निकषात बसतो, हे 1998 मध्ये ओळखले गेले, याचे आम्हाला मोल वाटते. त्यानंतर दुसऱ्या स्त्रीसाठी मात्र 2021 उजाडावे लागले. अकरांत दोन हे प्रमाण कमीच आहे.

1937 चा उठाव आणि यादीतली नावे यांचा संबंध काय?

यादीतली बरीचशी नावे याच एका वर्षाभोवती गुंफलेली आहेत.

क्लेमेंट पेन यांचा जन्म त्रिनिदादचा, आईवडील बार्बाडोसचे. मार्च 1937 मध्ये ते बेटावर आले आणि ब्रिजटाउनच्या गोल्डन स्क्वेअरमध्ये कामगारांच्या सभा घेऊ लागले. उसाच्या मळ्यांवर मजुरी अत्यल्प होती, बेकारी होती, संघटना नव्हत्या. बेटावर उतरताना जन्मस्थान खोटे सांगितले, असा आरोप ठेवून सरकारने त्यांना दोषी ठरवले. त्यांच्या वतीने अपिलात उभे राहिलेले वकील म्हणजे ग्रँटली अ‍ॅडम्स. अपील जिंकले, तरी 26 जुलैला पेन यांना जहाजावर चढवून हद्दपार केले गेले. बातमी पसरताच ब्रिजटाउन पेटले, मग खेड्यांत दंगल गेली. चौदा जण ठार आणि सत्तेचाळीस जखमी झाले.

पेन परत आले नाहीत. 1941 मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी पेरलेले मात्र उगवले. अ‍ॅडम्स यांनी पक्ष उभा केला आणि 1941 मध्ये बार्बाडोस वर्कर्स युनियन स्थापन झाली. तिचे पहिले सरचिटणीस ह्यू स्प्रिंगर. त्यांच्यानंतर 1948 पासून 1991 पर्यंत हे पद सांभाळले फ्रँक वॉलकॉट यांनी. सर्व प्रौढांना मताधिकार मिळून पहिली निवडणूक 1951 मध्ये झाली.

याआधीची पायाभरणी डॉ. चार्ल्स डंकन ओ'नील यांची. एडिनबरोमध्ये वैद्यक शिकलेल्या या डॉक्टरांनी 1924 मध्ये डेमोक्रॅटिक लीग काढली आणि मळ्यांवरच्या बालमजुरीविरुद्ध आवाज उठवला. एरल बॅरो हे त्यांचे भाचे. बॅरो यांच्या सरकारने माध्यमिक शिक्षण मोफत केले आणि 30 नोव्हेंबर 1966 रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा पंतप्रधान तेच होते.

त्याही आधी, 1843 मध्ये, सॅम्युअल जॅकमन प्रेस्कॉड ब्रिजटाउनमधून विधानसभेत निवडून गेले होते. आफ्रिकी वंशाचे ते पहिले निर्वाचित सदस्य. 'द लिबरल' या पत्राचे संपादक म्हणून ते मुक्त झालेल्यांची बाजू मांडत राहिले, आणि हे सारे अशा काळात की मताधिकारासाठी मालमत्तेची अट होती.

जिवंत माणसाला राष्ट्रीय वीर करता येते का?

येते. 1998 मध्ये दोन वीर हयात होते: वॉलकॉट आणि सोबर्स. वॉलकॉट पुढच्याच वर्षी गेले.

सोबर्स यांची ओळख मराठी क्रिकेटप्रेमींना करून द्यायला नको. 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली आणि सुनील गावसकरांनी 774 धावा केल्या, तेव्हा समोरचे कर्णधार तेच होते. 1958 मध्ये पाकिस्तानविरुद्ध नाबाद 365, आणि 1968 मध्ये एका षटकात सहा षटकार. ब्रिजटाउनच्या गरीब वस्तीत वाढलेल्या मुलाला जगाने सर्वोत्तम अष्टपैलू मानले. एका छोट्या वसाहतीला आपली किंमत कळायला हे फार उपयोगी पडले.

रिहानाला हा मान गाण्यांसाठी मिळाला का?

फक्त गाण्यांसाठी नाही. रॉबिन रिहाना फेंटी हिचा जन्म 1988 चा, सेंट मायकेल परगण्यातला, आणि वाढली ती ब्रिजटाउनच्या वेस्टबरी रोडवर. त्या रस्त्याच्या ज्या भागात तिचे घर होते त्याला 2017 मध्ये रिहाना ड्राइव्ह हे नाव मिळाले. संगीताबरोबर तिचा उद्योग आणि शिक्षण-आरोग्यासाठीचे दानधर्माचे कामही विचारात घेतले गेले. घोषणा झाली ती 29-30 नोव्हेंबर 2021 च्या मध्यरात्रीच्या सोहळ्यात. त्याच सोहळ्यात ब्रिटनच्या राणीचे राष्ट्रप्रमुखपद संपले, देश प्रजासत्ताक झाला आणि सँड्रा मेसन यांनी पहिल्या राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली. घोषणा पंतप्रधान मिया मॉटली यांनी केली. तेहतिसाव्या वर्षी राष्ट्रीय वीर झाल्याबद्दल तेव्हा बरीच चर्चा झाली. कायद्यात वयाची अट नाही. दुसरा निकष वाचला की निर्णय समजतो, मग तो पटो वा न पटो.

बातम्यांमध्ये तिला कधी कधी 'पहिली स्त्री वीर' म्हटले जाते. ते चूक आहे. पहिल्या सारा अ‍ॅन गिल.

नावाआधी 'सर' लिहायचे की दुसरे काही?

राष्ट्रीय वीराच्या नावाआधी 'द राइट एक्सलंट' ही पदवी लागते. आधीच 'सर' असेल तर दोन्ही येतात आणि क्रम ठरलेला आहे: द राइट एक्सलंट सर गारफिल्ड सोबर्स. 'सर' ही नाइटहूडची पदवी, सोबर्सना ती 1975 मध्ये मिळाली. राष्ट्रीय वीर होण्याशी तिचा संबंध नाही. बॅरो 'सर' नव्हते, त्यामुळे 'सर एरल बॅरो' असे कुठे छापलेले दिसले तर दुरुस्त करावे. मराठी मजकुरात नुसते 'राष्ट्रीय वीर गारफिल्ड सोबर्स' पुरेसे आहे.

राष्ट्रीय वीर दिन केव्हा असतो?

28 एप्रिल, ग्रँटली अ‍ॅडम्स यांचा जन्मदिवस (1898). सार्वजनिक सुट्टी असते. तारीख रविवारी आली तर सुट्टी सोमवारी मिळते. 2024 मध्ये तसेच झाले.

हा दिवस एकटा येत नाही. 14 एप्रिलला बसाच्या बंडाचा स्मरणदिन येतो आणि तिथून ऑगस्टपर्यंत मुक्तीचा हंगाम पाळला जातो: 28 एप्रिल, मग 26 जुलै हा 1937 च्या उठावाचा दिवस, मग 1 ऑगस्टचा मुक्तिदिन. एरल बॅरो यांची स्वतंत्र सुट्टी 21 जानेवारीला असते, तीही जन्मदिनी. दोन्ही सुट्ट्यांची गल्लत बरेच जण करतात.

नेल्सनचा पुतळा हटवण्याचे प्रकरण काय?

ब्रिजटाउनमध्ये संसदेसमोरच्या चौकाचे जुने नाव ट्रॅफल्गर स्क्वेअर. तिथे ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा ब्राँझचा पुतळा 1813 मध्ये बसवला होता, लंडनमधल्या त्याच्या प्रसिद्ध स्तंभाच्या कितीतरी आधी. 1999 मध्ये चौकाचे नाव बदलून नॅशनल हीरोज स्क्वेअर झाले. पुतळा मात्र तिथेच राहिला. गुलामांच्या व्यापाराची बाजू घेणारा माणूस वीरांच्या चौकात आणखी एकवीस वर्षे उभा होता. 16 नोव्हेंबर 2020 रोजी सरकारने समारंभपूर्वक तो उतरवला. तो फोडला नाही, वितळवला नाही, बार्बाडोसच्या वस्तुसंग्रहालयाच्या ताब्यात दिला.

नाव बदलायला एक अधिसूचना पुरते, पण चौथऱ्यावर कोण उभे आहे हे लोक रोज पाहतात. म्हणून नावापेक्षा पुतळ्याचा वाद जास्त काळ चालला. प्रजासत्ताकाचा सोहळा याच चौकात झाला, तेव्हा नेल्सनचा पुतळा तिथे नव्हता.

जुन्या नकाशांत आणि काही मार्गदर्शिकांत अजून ट्रॅफल्गर स्क्वेअर आढळते. जागा तीच.

नोटांवर राष्ट्रीय वीरच असतात का?

सगळ्यांवर नाही. 10 डॉलरवर ओ'नील, 20 वर प्रेस्कॉड, 50 वर बॅरो आणि 100 वर अ‍ॅडम्स आहेत. हे चौघे राष्ट्रीय वीर. पण 2 डॉलरवर उसाच्या जातींवर काम करणारे शास्त्रज्ञ जॉन रेडमन बॉव्हेल, आणि 5 डॉलरवर क्रिकेटपटू सर फ्रँक वॉरेल आहेत. हे दोघे वीरांच्या यादीत नाहीत. नोटांवरून यादी पाठ करू पाहणारे इथेच हमखास चुकतात. डिसेंबर 2022 पासून नोटा पॉलिमरच्या आहेत. 2 बार्बाडोस डॉलर म्हणजे 1 अमेरिकी डॉलर, हा दर 1975 पासून बांधलेला आहे.

वॉरेल यादीत का नाहीत?

कायद्यात कोणाला का वगळले याचा खुलासा नसतो. पण भारतीय वाचकाला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. मार्च 1962 मध्ये ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. शस्त्रक्रियेसाठी रक्त लागले, तेव्हा ते देणाऱ्यांत चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांच्याबरोबर वेस्ट इंडीजचे कर्णधार वॉरेलही होते. संपूर्ण मालिकेसाठी नेमले गेलेले वेस्ट इंडीजचे पहिले कृष्णवर्णीय कर्णधार तेच. यादीत नसले तरी लोकांच्या रोजच्या व्यवहारात पाच डॉलरच्या नोटेवर ते आहेत.

विमानतळ, पूल, महामार्ग यांची नावे वीरांचीच का?

विमानतळ ग्रँटली अ‍ॅडम्स यांच्या नावे आहे, ब्रिजटाउनमधला एक पूल ओ'नील यांच्या, तंत्रशिक्षण संस्था प्रेस्कॉड यांच्या आणि वाइल्डी इथले क्रीडा संकुल सोबर्स यांच्या. 'एबीसी' महामार्गात मात्र चूक होते. त्यातला 'ए' म्हणजे ग्रँटली अ‍ॅडम्स नव्हेत, त्यांचे पुत्र टॉम अ‍ॅडम्स, जे पुढे पंतप्रधान झाले. 'बी' म्हणजे एरल बॅरो आणि 'सी' म्हणजे गॉर्डन कमिन्स. तिघांत राष्ट्रीय वीर एकच.

इतर कॅरिबियन देशांत अशी पद्धत आहे का?

आहे. जमैकात सात राष्ट्रीय वीर आहेत आणि त्यांचा दिवस ऑक्टोबरच्या तिसऱ्या सोमवारी येतो. पहिले मार्कस गार्वी, त्यांचे अवशेष 1964 मध्ये लंडनहून आणून किंग्स्टनमध्ये पुरले. बॉब मार्ली मात्र जमैकाचे राष्ट्रीय वीर नाहीत. त्यांना 1981 मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट मिळाली. अँटिग्वा आणि बार्बुडाच्या वीरांत व्हिव्हियन रिचर्ड्स आहेत.

एका दिवसात ही ठिकाणे कशी पाहावीत?

सकाळी नॅशनल हीरोज स्क्वेअरपासून सुरुवात करा. समोरच प्रवाळाच्या चुनखडीत बांधलेल्या संसदेच्या इमारती आहेत. पश्चिमेकडच्या इमारतीत संसदेचे संग्रहालय आणि राष्ट्रीय वीरांचे दालन आहे. विधानसभेची बैठक बहुधा मंगळवारी असते, तो दिवस टाळावा. तिथून जेम्स स्ट्रीटचे चर्च पायी काही मिनिटांवर. मग पूल ओलांडून इंडिपेंडन्स स्क्वेअरमध्ये बॅरो यांचा पुतळा पाहा, आणि पुढे बे स्ट्रीटवर सरकारी मुख्यालयासमोर अ‍ॅडम्स यांचा. पेन यांच्या सभा जिथे होत, त्या गोल्डन स्क्वेअरमध्ये 2021 मध्ये नवे उद्यान झाले आहे, ते शहरातच आहे. सोबर्सचा पुतळा केन्सिंग्टन ओव्हलपाशी.

मुक्तीचा पुतळा शेवटी ठेवा, वाहनाने जा. तो वाहत्या गोल चौकाच्या मधोमध आहे. तिथे गाड्या थांबत नाहीत, आणि रस्ता ओलांडण्याच्या घाईत अपघात होऊ शकतो. विमानतळाकडे जाताना वाटेत पाहणे सोयीचे पडते. सरकारी बस निळ्या रंगाच्या, पिवळ्या पट्ट्याच्या असतात. भाडे साडेतीन बार्बाडोस डॉलर, आणि सुटे पैसे जवळ हवेत.

28 एप्रिललाच गेलो तर चालेल?

समारंभ पाहायचा असेल तर जरूर. संग्रहालय, बँका आणि बहुतेक दुकाने मात्र त्या दिवशी बंद असतात, म्हणून दालनासाठी वेगळा दिवस ठेवा आणि रोख रक्कम आदल्या दिवशी काढा. भारतीय पारपत्रावर पर्यटनासाठी 90 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तरी तिकीट काढण्यापूर्वी नियम पुन्हा तपासा. थेट विमान नाही. लंडन किंवा उत्तर अमेरिकेमार्गे जावे लागते आणि तिथला संक्रमण व्हिसा लागू शकतो.

कपड्यांबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सैनिकी छापाचे, म्हणजे हिरवे-खाकी चट्टेपट्टे असलेले कपडे नागरिकांनी घालायला बार्बाडोसमध्ये कायद्याने बंदी आहे. लहान मुलांनाही हीच बंदी आहे आणि पिशवी, टोपीही त्यात येते. असे काही बॅगेत असेल तर ते घरीच काढून ठेवा.